हृदय बदलणारा डॉक्टर आणि शरीराचा जागल्या : डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांची गोष्ट

एका माणसाचं हृदय काढून दुसऱ्याच्या छातीत बसवलं, आणि ते धडधडायला लागलं. ३ डिसेंबर १९६७ च्या पहाटे दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहरात हे पहिल्यांदा घडलं. करणारे डॉक्टर होते ख्रिश्चन बर्नार्ड. एका दिवसात त्यांचं नाव जगभर झालं. पण पेशंट अठरा दिवसांनी गेला, आणि तो हृदय बंद पडून गेला नाही. खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

गरीब घरातला मुलगा

बर्नार्ड यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९२२ चा. गाव ब्यूफोर्ट वेस्ट, कारू नावाच्या कोरड्या, कमी पावसाच्या मुलखातलं. वडील मिश्रवर्णीय लोकांच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. पगार तुटपुंजा. एक भाऊ लहानपणीच हृदयाच्या आजारानं गेला. ख्रिश्चन शिकले, केपटाऊनला डॉक्टर झाले आणि काही वर्षं सेरेस नावाच्या छोट्या गावात साधी प्रॅक्टिस केली.

पुढं ते अमेरिकेत मिनेसोटाला गेले. तिथं डॉ. वॉल्टन लिलेहाय हे हृदय उघडून ऑपरेशन करायचे. हृदय थांबवायचं म्हणजे रक्तही थांबणार, आणि काही मिनिटं रक्त मिळालं नाही तरी मेंदू मरतो. यावरचा उपाय म्हणजे हार्ट-लंग मशीन. शरीरातलं काळपट रक्त नळीनं बाहेर घ्यायचं, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि पंपानं पुन्हा धमनीत सोडायचं. नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपारिन हे औषध द्यायचं. बर्नार्ड हे सगळं शिकले आणि १९५८ मध्ये तसं यंत्र घेऊन केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात परतले.

ती रात्र

लुई वॉशकान्स्की हे किराणा दुकानदार. हृदय पार थकलेलं, शिवाय साखरेचा आजार. २ डिसेंबरच्या दुपारी डेनिस डारवॉल ही २५ वर्षांची मुलगी रस्त्यावरच्या अपघातात सापडली. तिची आई जागीच गेली. मुलीच्या डोक्याला इतका मार होता की वाचण्याची आशा नव्हती. बायको गेलेली, मुलगी जाणार, अशा घडीला वडिलांनी तिचं हृदय द्यायला होकार दिला. या गोष्टीतला सर्वात मोठा माणूस कदाचित तोच.

मशीननं रक्त फिरवत ठेवलं, बर्नार्ड यांनी हृदय शिवलं, विजेचा झटका दिला आणि ते चालू लागलं. वॉशकान्स्की शुद्धीवर आले, बोलले, जेवले.

जागल्याला झोपवलं

पूर्वी गावात रात्री जागल्या असायचा. अनोळखी माणूस दिसला की अडवायचा. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती तशीच. जंतू आला की मारते. पण दुसऱ्याचं हृदयही तिला परकंच वाटतं, आणि ती त्यावरही तुटून पडते. म्हणून तिला दाबणारी औषधं द्यावी लागतात. वॉशकान्स्कींना ती भरपूर दिली होती.

काही दिवसांनी त्यांच्या फुप्फुसात बिघाड दिसला. शरीर हृदय नाकारतंय असं डॉक्टरांना वाटलं आणि त्यांनी औषधं आणखी वाढवली. प्रत्यक्षात तो न्यूमोनिया होता. जागल्या झोपलेला, त्यात चोर घरात शिरलेले. २१ डिसेंबरला वॉशकान्स्की गेले. नवं हृदय शेवटपर्यंत चांगलं चाललं होतं.

बर्नार्ड खचले, पण चुकीतून शिकले. २ जानेवारी १९६८ ला दुसरं ऑपरेशन झालं ते दंतवैद्य फिलिप ब्लायबर्ग यांचं. यावेळी औषधं बेतानं दिली आणि जंतूंपासून कडक काळजी घेतली. ब्लायबर्ग १९ महिन्यांहून जास्त जगले. त्यांना मिळालेलं हृदय मिश्रवर्णीय तरुणाचं होतं. त्या देशात तेव्हा वर्णावरून माणसांच्या वस्त्यासुद्धा वेगळ्या होत्या.

आपल्या मुंबईतही

फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही हृदयरोपण केलं. पेशंट काही तासच जगला. जगभर तेच घडत होतं, म्हणून बहुतेकांनी हे काम सोडलं. केपटाऊननं सोडलं नाही. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हे चांगलं औषध आलं, आणि मग पेशंट वर्षानुवर्षं जगू लागले. भारतात १९९४ मध्ये अवयवदानाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये हृदयरोपण यशस्वी झालं.

बर्नार्ड यांचं नशीब बघा. तरुणपणीच त्यांना संधिवात जडला होता. या आजारात स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते. बोटं आखडत गेली आणि १९८३ मध्ये त्यांना ऑपरेशनं थांबवावी लागली. २ सप्टेंबर २००१ ला सायप्रसमध्ये दम्याच्या झटक्यानं ते गेले.

आपण काय घ्यायचं?

हृदय बदललेल्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. बरं वाटतंय म्हणून त्या बंद करायच्या नसतात. साध्या बायपासमध्ये तशा गोळ्या लागत नाहीत. पण मशीनमधून फिरलेलं रक्त आणि मोठं ऑपरेशन यामुळं शरीर काही दिवस नाजूक असतंच. जखमेतून पाणी, ताप, वाढता खोकला किंवा दम दिसला तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना गाठा. आणि गावाकडून जीप भरून पेशंट बघायला जायची आपली माया खरी, पण सर्दी-खोकला असेल तर घरीच थांबा, फोनवर विचारपूस करा. वॉशकान्स्कींचं हृदय हरलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.