गाठ साधी, जागा जोखमीची

मेंदूच्या शस्त्रक्रियेला सुरक्षित रूप देणारे डॉ. हार्वे कुशिंग १८६९ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे जन्मले. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हॉल्स्टेड यांच्याकडे त्यांनी रक्तस्राव टाळून, सावकाश शस्त्रक्रिया करण्याचे धडे घेतले. पुढे बोस्टनमध्ये ते कानाच्या मज्जातंतूवरील गाठीकडे वळले.

ही गाठ कर्करोगाची नसते. पण कवटीत जागा अपुरी. आधी एका कानाचे ऐकणे जाते, तोल जातो. नंतर चेहऱ्याची नस आणि मेंदूचा देठ दाबला जातो. त्या काळी शल्यचिकित्सक ती बोटाने उकरून काढत आणि बहुतेक रुग्ण दगावत. कुशिंग यांनी गाठीचे आवरण जागीच ठेवून फक्त आतला भाग पोखरून काढला. दाब उतरला, रुग्ण वाचू लागले. १९१७ साली त्यांनी या गाठींवर ग्रंथ लिहिला, तोवर मृत्यूचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले होते.

मात्र उरलेली गाठ पुन्हा वाढे. त्यांचेच शिष्य डॉ. वॉल्टर डँडी संपूर्ण गाठ काढू लागले आणि गुरुशिष्यांत वितुष्ट आले. १९३९ साली कुशिंग हृदयविकाराने गेले. शवविच्छेदनात त्यांच्याही मेंदूत एक लहानशी साधी गाठ सापडली.

आज शक्य असेल तेव्हा पूर्ण गाठ काढतात. चेहऱ्याच्या नसेला धोका असेल तर थोडी ठेवून तिच्यावर एमआरआयने लक्ष ठेवतात. म्हणूनच एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले, तर वयाला दोष न देता कान तपासून घ्यावा.