आंबेडकरांचा वीजविचार

घटनेचे शिल्पकार म्हणून सर्वपरिचित असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विजेचा कारभारही पाहिला, हे पर्व मात्र उपेक्षितच राहिले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळविणारे हे अर्थशास्त्रज्ञ जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले; वीज त्याच खात्याकडे होती. उद्योगीकरणावाचून दारिद्र्य हटणार नाही आणि स्वस्त, मुबलक विजेवाचून उद्योग उभे राहणार नाहीत. तेव्हा वीज केवळ नफ्याच्या हिशेबावर सोडता कामा नये, अशी त्यांची धारणा होती. १९४४ चे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकीर्दीतले. १९४६ मध्ये त्यांनी खाते सोडले. १९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी झाली. प्रादेशिक पारेषण जाळी जोडली जाऊन देशाची एकच ग्रीड व्हावयास मात्र २०१३ ची अखेर उजाडली. आंबेडकर १९५६ मध्येच निवर्तले होते.

२००३ च्या कायद्याने एका क्षेत्रात अनेक वितरकांना मुभा दिली. मुंबईच्या उपनगरांत ग्राहकास निवड आहे. अंबरनाथ पूर्वेतील घरगुती ग्राहकास महावितरणच. उद्या येथे स्पर्धा आलीच, तर नवा वितरक प्रथम आनंदनगरच्या कारखान्यांकडे वळेल, हे सांगावयास अर्थशास्त्री नको. उद्योगांच्या चढ्या दरांतून शेतीपंपांच्या सवलतीचा भार उचलला जातो. तो पुढे कोणी उचलावयाचा, हे आंबेडकरांच्या कसोटीने परवाने देण्यापूर्वीच ठरावयास हवे.