वसईचे संत गोन्सालो गार्सिया

पापडीहून वसईच्या किल्ल्यांत सहलीस जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या कानीं गोन्सालो गार्सियांचें नांव हटकून पडतें. जपानांत क्रुसावर मरण पत्करलेले हुतात्मे, एवढी ओळख बहुतेकांस असते. परंतु त्यापूर्वीं आपल्याच धर्मबांधवांकडून त्यांस काय सोसावें लागलें, तिकडे लक्ष कमी जातें. आम्हांस तो भाग अधिक मोलाचा वाटतो. क्रुसाचा प्रसंग क्वचितच कोणावर येतो. ज्याच्याशीं पटत नाहीं त्याच्या शेजारीं एकाच बांकावर गुडघे टेकण्याचा प्रसंग मात्र दर रविवारीं येतो.

गोन्सालोचा जन्म सुमारें १५५६ सालीं वसईस झाला. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. येशूसंघाच्या शाळेंत तो शिकला, आणि तेथील फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांचा त्याच्यावर लोभ जडला. त्यांच्यासमवेत १५७२ च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांच्या वयांत, तो जपानला गेला. जपानी भाषा त्यानें थोडक्याच काळांत आत्मसात केली आणि सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षक म्हणून संघाची सेवा केली. मनांत इच्छा एकच, कीं आपणांसही संघांत घ्यावें. ती विनंति मान्य झाली नाहीं. मिश्र वंशाच्या तरुणांविषयीं त्या काळीं वरिष्ठांचें मन साशंक असे.

आठ वर्षांच्या सेवेचें हें फळ! मिरवणुकींतील मानावरून किंवा गायनाच्या जागेवरून रुसून चर्चची पायरी न चढणारीं माणसें आपण पाहतों. गोन्सालोस तर रुसण्यास खरेंखुरें कारण होतें. तो निघून गेला खरा, व्यापारांत पडला व त्यांत त्याचा जमही बसला; पण धर्मसेवेची ओढ सुटली नाहीं. पुढें मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघांत ब्रदर झाला.

१५९३ सालीं फिलिपाईन्सच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे पाठविलें, तेव्हां दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो बरोबर गेले. येशूसंघीयांच्या सहवासांत असतां कमावलेली भाषा आतां फ्रान्सिस्कनांच्या कामीं आली. क्योतो येथें चर्च झालें, कुष्ठरोग्यांसाठीं इस्पितळ निघालें.

पण येथेंच तंटा उभा राहिला. १५८५ च्या पोपच्या आज्ञेनें जपानचें क्षेत्र येशूसंघाकडे होतें. शिवाय हिदेयोशीनें १५८७ त मिशनऱ्यांस देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिल्यापासून ते लोक जपून, गाजावाजा न करितां काम करीत. फ्रान्सिस्कन मात्र झगा घालून उघडपणें उपदेश करीत. यांच्या उतावळेपणामुळें सर्वांवर संकट येईल, असें एका पक्षास वाटे. हे भित्रे आहेत, असें दुसऱ्यास. आमच्या मतें दोहोंकडे कांहीं सत्य होतें, आणि म्हणूनच तो वाद मिटेना. ज्या संघानें त्यांस नाकारिलें तोच आतां प्रतिपक्षीं होता. जुनें उणेंदुणें काढण्यास याहून सोयीची वेळ कोणती? ब्रदर गोन्सालो रोग्यांच्या सेवेंत व दुभाष्याच्या कामांत राहिले.

१५९६ च्या ऑक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्यावरून हिदेयोशीचा रोष झाला आणि डिसेंबरांत धरपकड सुरू झाली. सहा फ्रान्सिस्कन व तीन येशूसंघीय एकाच दोरींत आले. बाकीचे जपानी गृहस्थ व मुलें. १५९७ च्या जानेवारींत क्योतोमध्यें प्रत्येकाच्या डाव्या कानाचा लचका तोडण्यांत आला, आणि ऐन हिंवाळ्यांत त्यांस नागासाकीकडे चालविलें. वाटेंत आणखी दोघे त्यांत सामील झाले.

नागासाकी जवळ आलें असतां येशूसंघाचे दुभाषी जुआंव रोद्रिगीश त्यांस भेटले. तेव्हां फादर पेद्रो बाप्तिस्ता यांनीं, आपल्या मंडळीकडून तुम्हां लोकांस जो त्रास झाला त्याची क्षमा असावी, अशी विनंति केली. रोद्रिगीश यांनींही आपल्या संघाकरितां क्षमा मागितली, आणि दोघांनीं एकमेकांस आलिंगन दिलें. कित्येक वर्षें पत्रोपत्रीं चाललेलें भांडण त्या रस्त्यावर मिटलें. मागें राहिलेल्यांनीं पुढें तें पुन्हां उकरून काढलें, ही गोष्ट वेगळी.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस क्रूस एका ओळींत उभे राहिले. त्यांत वसईचे फ्रान्सिस्कन गोन्सालोही होते आणि येशूसंघाचे पाउलो मिकीही. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं सर्वांस एकाच दिवशीं संतपद दिलें.

वसईच्या किल्ल्यांत येशूसंघाचें जें जुनें चर्च आहे, त्यास आज लोक संत गोन्सालो गार्सियाचें चर्च म्हणून ओळखतात.