फ्रँकलिनची ठिपक्यांची वही

जून महिन्यांत शाळा उघडली कीं नव्या वहीच्या पहिल्या पानावर अभ्यासाचें वेळापत्रक सुबक अक्षरांत लिहावें, ही चाल आमच्या विद्यार्थिवर्गांत सर्वत्र आढळते. पांचास उठणें, सहा ते आठ गणित, इत्यादि. दिवाळीच्या सुटीपर्यंत तें पान तसेंच करकरीत राहतें; कारण काय ठरविलें तें त्यावर असतें, काय घडलें तें नसतें. ही दुसऱ्या प्रकारची नोंद ज्यानें चिकाटीनें ठेविली, त्या बेंजामिन फ्रँकलिनचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

फ्रँकलिनचा जन्म अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १७ जानेवारी १७०६ रोजीं झाला. बाप साबण व मेणबत्त्या करणारा. सतरा मुलांपैकीं बेंजामिन पंधरावा. अशा घरीं शिक्षणास पैसा कोठून येणार? दोन वर्षांच्या आंतच शाळा संपली, आणि तेवढ्यांतही गणितांत अपयशच पदरीं आलें. दहाव्या वर्षीं मुलगा बापाच्या दुकानीं मेणबत्त्यांच्या वाती कापूं लागला, व बाराव्या वर्षीं थोरल्या भावाच्या छापखान्यांत करारानें उमेदवार राहिला.

येथें त्याचा खरा अभ्यास सुरू झाला. पुस्तकविक्यांकडील उमेदवारांशीं ओळख करून तो संध्याकाळीं पुस्तक आणी, रात्रभर वाची व सकाळीं न मळवितां परत करी. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यानें मांसाहार सोडला, जेवणखर्चाची निम्मीच रक्कम भावापासून मागून घेतली, आणि तींतूनही निम्मी वांचवून पुस्तकें विकत घेतलीं. इतर मंडळी जेवावयास गेली म्हणजे हा पावाचा तुकडा, मूठभर मनुका व पेलाभर पाणी यांवर भागवून अभ्यासास बसे. ज्या गणितानें शाळेंत दगा दिला होता, तें त्यानें याच वेळीं पुस्तकावरून आपलें आपण पुरें केलें.

त्याचें लिहिणें शुद्ध असलें तरी त्यांत डौल नाहीं, असें वडिलांनीं एकदां दाखवून दिलें. मुलगा रुसला नाहीं. ‘स्पेक्टेटर’ नांवाच्या इंग्रजी नियतकालिकाचा एक खंड त्यानें मिळविला. त्यांतील निबंध घेऊन प्रत्येक वाक्याचा आशय दोन शब्दांत टिपावा, कांहीं दिवस तीं टिपणें बाजूस ठेवावीं, मग मूळ न पाहतां निबंध पुन्हां लिहावा आणि मुळाशीं ताडून आपल्या चुका शोधाव्या, असा त्याचा क्रम असे. कधीं टिपणें मुद्दाम विसकटून तीं पुन्हां ओळीनें लावी. यास वेळ मिळे तो कामाआधीं पहांटे, कामानंतर रात्रीं, आणि प्रार्थनामंदिर चुकवून रविवारीं. ही शेवटली गोष्ट त्यानें स्वतःच कबूल केली आहे.

१७२३ सालीं तो भावाकडून पळून फिलाडेल्फियास गेला व पांच वर्षांनीं भागीदारींत स्वतःचा छापखाना काढून बसला. तेथें १७३१ सालीं त्यानें वर्गणीचें ग्रंथालय उभें केलें व रोज तास-दोन तास तेथील ग्रंथांस दिले.

चुका ताडून पाहण्याची ती जुनी संवय त्यानें याच सुमारास आचरणास लाविली. मिताहार, मौन, व्यवस्था, उद्योग, न्याय अशा बारा गुणांची त्यानें यादी केली. लोक आपणांस गर्विष्ठ समजतात असें एका स्नेह्यानें सांगितल्यावर तेरावी नम्रता जोडली. मग लहानशा वहीच्या पानावर तांबड्या शाईनें वारांचे सात उभे रकाने व गुणांच्या तेरा आडव्या ओळी आंखल्या. रात्रीं दिवस आठवावा व जेथें चूक घडली तेथें काळा ठिपका द्यावा. बागेंतील तण एकेक वाफा घेऊन काढावें, तसें आठवड्यास एकाच गुणाकडे विशेष लक्ष. तेरा आठवड्यांचा एक फेरा, वर्षांत चार फेरे. त्याच वहींत चोवीस तासांची वांटणी होती: पांचास उठून आठपर्यंत दिवसाचें काम ठरविणें व चालू अभ्यास, दुपारीं दोन तासांत वाचन, हिशेब व भोजन, सायंकाळीं जिन्नस जागच्या जागीं ठेवणें, संगीत, गप्पा आणि दिवसाची तपासणी, दहास निद्रा.

ठिपके इतके निघाले कीं आपले दोष आपण समजत होतों त्याहून कितीतरी अधिक आहेत, हें पाहून तो चकित झाला. जुने ठिपके खरडून नवे देतां देतां कागदास भोंकें पडलीं. तेव्हां त्यानें हस्तिदंती पानांवर कोष्टक आंखून घेतलें व शिसपेन्सिलीचे ठिपके तो ओल्या स्पंजानें पुसूं लागला. सर्वांत छळलें तें व्यवस्थेनें. कागद, वस्तु व वेळ जागच्या जागीं ठेवणें त्यास अखेरपर्यंत साधलें नाहीं, आणि वयाच्या एकूणऐंशीव्या वर्षीं, फ्रान्समध्यें असतां, आत्मचरित्रांत त्यानें तसें लिहून ठेविलें. पुढें फेरे वर्षास एक झाले, मग कित्येक वर्षांत एक, मग बंदच पडले. वही मात्र तो जवळ बाळगीत असे. वीज व आकाशांतील वीज एकच, हें १७५२ च्या प्रयोगानें दाखविणाऱ्या या पुरुषानें आपली ही हार झांकली नाहीं, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें.

तथापि एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. न्यायाची ओळ त्या वहींत होती. परंतु त्याच घरीं पुष्कळ वर्षें गुलाम राबत होते, व त्याच्या वर्तमानपत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. हा ठिपका देण्याचें त्यास दीर्घकाळ सुचलें नाहीं. सुचलें तें उतारवयांत. १७८७ सालीं तो पेनसिल्व्हेनियांतील गुलामगिरीविरोधी मंडळीचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्यें, अंथरुणास खिळला असतां, गुलामगिरी बंद करावी म्हणून अमेरिकन काँग्रेसकडे जाणाऱ्या अर्जावर त्यानें सही केली, आणि १७ एप्रिल रोजीं तो मरण पावला.