मांडवीचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस

मुंबईला धोबी तलावाकडे गेल्यावर मेट्रो सिनेमासमोरचा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा. काळबादेवीत त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. १८५६ साली गोव्यातील बार्देशात, हडफडे गावी एका कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते मांडवीत रोगी पाहू लागले. मांडवी म्हणजे गोदीलगतची दाट वस्ती; धान्याच्या वखारी, आणि वखारी म्हटल्या की उंदीर आलेच.

सप्टेंबर १८९६ मध्ये तेथे तापाने माणसे दगावू लागली. रोग्याच्या जांघेत गाठ दिसे. हा गाठीचा प्लेग आहे, असे डॉक्टरांनी उघड सांगितले. व्यापारी शहराला असे निदान कसे रुचणार? अनेकांनी शंका घेतली. पण हा रोग प्रथम ओळखला गेला तो रोग्याच्या अंथरुणापाशी. प्रयोगशाळेचा दाखला मागाहून आला. आम्हाला याचे मोल फार वाटते.

त्यानंतरचे दिवस रोग्यांना फार कठीण गेले. ऑक्टोबरात रोग्याला सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम निघाला. नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली. ती अगदीच निराधार तरी कशी म्हणावी? कित्येकांना नेले जाई तेच शेवटच्या घटका मोजत असताना. मग घरचे लोक आजाऱ्याला लपवू लागले, म्हणजे उपचारही आणखी लांबला. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. (आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच, २०२० साली कोरोनाचे रोगी तेथेच ठेवले होते.) सरकारला सक्ती सैल करावी लागली. पुढील काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले.

डॉ. व्हिएगस मात्र राहिले. वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यांसाठी ते झटत राहिले. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. टोचल्यावर ताप येई, दंड सुजे, लोक घाबरत. डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८,००० लोकांना लस टोचली असे सांगतात. सक्तीपुढे दार लावून घेणारे लोक, पण या डॉक्टरांपुढे त्यांनी दंड पुढे केला.

पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. १९३३ साली त्यांचे निधन झाले.