पोऱ्या ते शास्त्रज्ञ : मायकेल फॅरेडे

पालकहो आणि विद्यार्थी मित्रांनो, घरात ओढाताण असली की आपल्या शिरूर-दौंड भागातील काही मुलांची शाळा मध्येच सुटते. मुलगा गॅरेजात किंवा दुकानात कामाला लागतो आणि त्याच्या हातात पुन्हा पुस्तक द्यावे असे कोणाला वाटत नाही. अशा प्रत्येक घराने मायकेल फॅरेडे यांचे चरित्र जरूर वाचावे.

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित एवढेच त्यांचे शालेय शिक्षण. १८०४ साली ते एका पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागले आणि पुढच्या वर्षापासून सात वर्षे बाइंडिंगचे काम शिकले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचून काढीत. मालकानेही त्यांना कधी अडवले नाही. १८१२ साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने त्यांना सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडे यांनी ऐकलेल्या व्याख्यानांची टिपणे नीट बांधून डेव्हींकडे पाठवली आणि १८१३ मध्ये त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा मिळाली.

१८२१ मध्ये त्यांनी पारा भरलेल्या भांड्यात विजेची तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. विजेच्या मोटारीचे मूळ तेथे आहे. १८३१ मध्ये त्यांनी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून वीज निर्माण केली. मग त्यांच्या मनात आले की पृथ्वी हा एक मोठा चुंबकच आहे, तेव्हा वाहत्या नदीतही वीज निर्माण झाली पाहिजे. जानेवारी १८३२ मध्ये त्यांनी वॉटर्लू पुलावर लांब तार टाकली, तिच्या दोन टोकांचे धातूचे पत्रे थेम्स नदीत सोडले आणि मापकाचा काटा पाहत राहिले. आपल्या दौंडच्या भीमेवरील पुलावर कोणी असे करताना दिसला, तर लोक त्याला वेड्यात काढतील! काटा हलला, पण भलत्याच कारणांनी. प्रयोग फसला आणि फॅरेडे यांनी ते उघडपणे प्रसिद्ध केले.

तत्त्व मात्र खरे होते. आज नळातून वाहणारे पाणी मोजणारी विद्युतचुंबकीय मापके त्याच तत्त्वावर चालतात. पृथ्वीच्या पोटातील वितळलेले लोखंडही असेच फिरत असते. त्यातून वीज निर्माण होते आणि ती वीज पृथ्वीचे चुंबकत्व टिकवते, असे शास्त्रज्ञ मानतात. आपल्या अलिबागच्या वेधशाळेत या चुंबकत्वाच्या नोंदी १९०४ पासून होत आहेत. असा प्रवाह स्वतःच चुंबक बनू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसायला मात्र १९९९ साल उजाडले. लॅटव्हियातील रीगा व जर्मनीतील कार्लस्रूह येथे वितळलेला सोडियम धातू जोराने वाहवला गेला आणि त्या प्रवाहानेच चुंबकीय क्षेत्र निर्माण केले. थेम्सवरील प्रयोगाला तेव्हा १६७ वर्षे झाली होती.

फॅरेडे अत्यंत धार्मिक व साधे होते. सर ही पदवी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, इल्म हासिल करणे हे आपण फर्ज मानतो. नाइलाजाने मुलाला कामाला लावावे लागले, तरी त्याचे पुस्तक बंद करू नका. आणि मित्रांनो, एखादा प्रयोग किंवा एखादी परीक्षा फसली, तर ती जशी झाली तशी वहीत लिहून ठेवा आणि पुढचे पान उलटा.