मणी, चात्या आणि मॉन्टेसरीबाई

बालशिक्षण म्हटले की मॉन्टेसरी हे नाव आपोआप तोंडी येते. गावोगावच्या शाळांच्या पाट्यांवर ते झळकते. परंतु त्या नावामागची बाई कोण, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे समग्र चरित्र सांगण्याचा माझा विचार नाही. लहान मुलाला संख्या खरोखर कळली आहे की नुसती पाठ झाली आहे, हे ओळखायचे कसे, या प्रश्नाला बाईंनी दिलेले उत्तर मला मोलाचे वाटते. त्या ओघात येईल तेवढेच चरित्र मी सांगणार आहे.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील क्यारावाल्ले या गावी झाला. मुलीने शिक्षिका व्हावे अशी वडिलांची इच्छा. पण मारियाला नेमके तेच नको होते. ती आधी तांत्रिक शाळेत गेली व नंतर वैद्यकाकडे वळली. मुलग्यांसमवेत स्त्रीने शवविच्छेदन करणे शिष्टसंमत नव्हते, म्हणून ते काम तिला वर्ग संपल्यावर एकटीने करावे लागे. १८९६ मध्ये रोम विद्यापीठाची पदवी मिळाली आणि इटलीच्या पहिल्या मोजक्या स्त्री-डॉक्टरांत तिची गणना झाली.

मंदबुद्धी ठरवून वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली मुले डॉक्टरीणबाईंनी तेथे पाहिली. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असे त्यांचे मत झाले. इतार्द व सेगँ या फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ त्यांनी अभ्यासले. त्यांच्या हाताखाली शिकलेली काही मुले सामान्य मुलांच्या परीक्षेत उतरली, तेव्हा लोक चकित झाले. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला : ही मुले एवढे करू शकतात, तर धडधाकट मुले शाळेत इतकी मागे का? पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले.

त्यांच्या गणिताच्या साहित्याकडे पाहा. दहा दांड्या, पहिली दहा सेंटिमीटरची, शेवटची एक मीटरची, पहिलीखेरीज प्रत्येकीवर लाल-निळे पट्टे आलटून पालटून. पाच म्हणजे काय, हे मूल हातात धरून पाहते. मग चात्यांची पेटी : शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि चात्या मोजून पंचेचाळीस. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो, आणि ‘काही नाही’ यालाही संख्येत जागा आहे हे मुलाला दिसते. मोजण्यात चूक झाली तर शेवटी चात्या कमी पडतात किंवा उरतात. चूक सांगायला बाई लागत नाहीत, पेटीच सांगते.

त्यानंतर सोनेरी मणी. सुटा मणी म्हणजे एक. दहा मण्यांची काडी, शंभरांचा चौरस, हजारांचा घन. हजाराचा घन उचलताना हाताला जे वजन लागते, ते फळ्यावरच्या तीन शून्यांतून कधीच कळणार नाही.

परीक्षेची रीतही साधी. सेगँकडून घेतलेल्या पाठाच्या तीन पायऱ्या होत्या. प्रथम वस्तूचे नाव सांगायचे. मग त्या नावाची वस्तू दाखवायला सांगायचे. शेवटी वस्तू दाखवून नाव विचारायचे. दुसऱ्या पायरीवर मूल चुकले तर रागवायचे नाही, दुरुस्तही करायचे नाही. अजून वेळ आलेली नाही असे समजून पाठ तेथेच थांबवायचा. चूक ही गुन्हा न राहता शिक्षकाला मिळालेली खबर ठरते.

आपल्या भागात तर या मण्यांना विशेष अर्थ आहे. मराठी मूल ‘एकवीस’ म्हणते, म्हणजे एक आधी. कन्नड मूल ‘इप्पत्तोंदु’ म्हणते, म्हणजे वीस आधी. आपले ‘एकोणतीस’ तर तिसाला एक कमी अशा वळणाने येते. कन्नडमध्ये ते सरळ वीस आणि नऊ. मराठी मूल २१ ऐवजी १२ लिहिते, तेव्हा त्याची बुद्धी कमी आहे असे मानण्याचे कारण नाही. कानाने ऐकलेला क्रम आणि डोळ्यांना दिसणारा क्रम यांत ते अडकलेले असू शकते. दोन काड्या आणि एक मणी पुढे ठेवला, की दोन्ही भाषांतली मुले एकच संख्या पाहतात.

बाईंचे जीवन निष्कलंक यशाचे नव्हते. १८९८ मध्ये जन्मलेला पुत्र मारिओ विवाहबाह्य, म्हणून वर्षानुवर्षे परक्यांकडे वाढला. जगभरच्या मुलांची काळजी वाहणाऱ्या आईला स्वतःच्या मुलाला जवळ ठेवता आले नाही. त्यांनी मुसोलिनीच्या सरकारचा आश्रयही काही काळ घेतला. १९३४ मध्ये तो संबंध तुटला व इटली सोडावी लागली. १९३९ मध्ये त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारने मारिओला अहमदनगरच्या छावणीत डांबले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याची सुटका झाली. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे साहित्य महाग, ही तक्रार खरी आहे. तिचे उत्तर आपल्याच माणसांनी दिले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बिया, शिंपले, खडे असे परिसरातले साहित्य घेऊन बालवाड्या चालवल्या. मूळ विचार मण्यांच्या सोनेरी रंगात नव्हताच.

आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील. एखाद्या मुलाला पाढा येत नाही म्हणून ‘ढ’ ठरवण्याआधी त्याच्यापुढे मूठभर चिंचोके ठेवावेत, सात मागावेत, आणि आपण गप्प बसून त्याचे हात पाहावेत.